मेडिक्लेम विकताना ग्राहक ‘नको’ म्हणतो तेव्हा : एजंटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं आरोग्य विमा विकणाऱ्या नव्या एजंटांसाठी आहेत. विमा एजंटांची आयसी ३८ ही परीक्षा झाली, एजंट म्हणून कोड मिळाला, नात्यातली आणि मित्रांतली गिऱ्हाइकं संपली आणि आता अनोळखी माणसासमोर बसायची वेळ आली, या टप्प्यावर जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट गृहीत धरली आहे. आज पॉलिसी घेणारा माणूस दोन-चार वर्षांनी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरून तुम्हालाच फोन लावणार आहे. त्या फोनवर तोंड लपवावं लागणार नाही, असंच आजच्या आक्षेपाला उत्तर द्यायचं. नियम २०२४ आणि २०२५ मधल्या बदलांनंतरचे आहेत.

ट्रेनिंगमध्ये आक्षेपांची उत्तरं पाठ करून घेतली होती. ग्राहकासमोर ती का चालत नाहीत?

कारण ती उत्तरं वाक्याला दिलेली असतात, माणसाला नाही. ‘महाग आहे’ हे एकच वाक्य तीन घरांत तीन अर्थांनी येतं. एकाकडे या महिन्यात खरोखर पैसे नसतात. दुसऱ्याच्या चुलत्याचा क्लेम नाकारलेला असतो आणि भांडण नको म्हणून तो पैशाचं कारण पुढे करतो. तिसऱ्याला तुम्ही काय विकताय तेच कळलेलं नसतं. तिघांना एकच पाठ केलेलं उत्तर दिलं तर तिघंही चहा पाजून वाटेला लावतात.

‘मला तुमच्या भावना समजतात, माझ्या आणखी एका ग्राहकालाही असंच वाटत होतं’ या चालीची वाक्यं सांगलीच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यासमोर एकदा म्हणून बघा. तो स्वतः दिवसभर सौदे करतो. तुम्ही कुठून शिकून आलात ते त्याला पहिल्या वाक्यात कळतं.

‘का नको?’ असं थेट विचारलं की माणूस बचावाला उतरतो. त्यापेक्षा ‘काही अनुभव आलाय का, काका?’ हा प्रश्न बरा. विचारायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं नव्या एजंटाला सगळ्यात जड जातं. शांतता झाली की त्याला वाटतं सौदा हातातून गेला आणि तो लगेच ब्रोशर उघडतो. थांबा. बहुतेक घरांत त्या शांततेनंतरच खरी गोष्ट बाहेर येते.

‘प्रीमियम फार आहे’ म्हटल्यावर काय करायचं?

‘रोजचा एक चहा वाचवा’ हा हिशेब मांडू नका. समोरच्याला गुणाकार येतो आणि त्याचा चहा मोजलेला त्याला आवडत नाही. प्रीमियम खरंच कमी होईल असे मार्ग असतात, ते काढून दाखवा.

पहिला मार्ग म्हणजे आई-वडिलांना वेगळं काढणं. फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच कव्हर देणाऱ्या पॉलिसीचा, प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या वयाच्या माणसावर ठरतो. पस्तिशीचं जोडपं, दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांचे वडील एका पॉलिसीत घातले की सगळ्या घराचा दर वडिलांच्या वयाने जातो. वडिलांची पॉलिसी वेगळी, बाकी चौघांचा फ्लोटर वेगळा, असे दोन कोट, म्हणजे प्रीमियमचे आकडे, काढून शेजारी शेजारी ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे मूळ पॉलिसी पाच लाखांची ठेवून वर सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाची बिलं ठरलेल्या रकमेपलीकडे गेली की वरचं देणारी पॉलिसी, जोडणं. वीस लाखांच्या एकाच पॉलिसीपेक्षा ही जोडी साधारणपणे बरीच स्वस्त पडते.

त्याने जुना कोट बघितला असेल तर जीएसटीचं विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्याआधी तो १८ टक्के होता. वीस हजारांच्या प्रीमियमवर ३,६०० रुपये त्यात जात होते. पण कंपनीने मधल्या काळात मूळ दर बदलला आहे का ते नव्या कोटवर पाहूनच बोला. ‘१८ टक्के स्वस्त झालं’ असं तोंडी सांगून मोकळं व्हायचं नाही.

पैसे आत्ता नसतील तर कधी असतील ते विचारायला लाजू नका. कोल्हापूर-साताऱ्याकडे उसाचं बिल कधी निघतं, विदर्भात कापूस कधी विकला जातो, एमआयडीसीत दिवाळीचा बोनस कधी होतो, हे तुम्हाला तुमच्या टार्गेटच्या तारखेपेक्षा नीट माहीत हवं. मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय बहुतेक कंपन्या देतात, तीही दाखवा. मात्र हप्ता चुकला आणि सवलतीचे दिवसही संपले की पॉलिसी बंद पडते, हे त्याच दमात सांगायचं.

एक करायचं नाही. स्वस्त दिसावं म्हणून खोलीभाड्याची मर्यादा असलेली पॉलिसी गळ्यात मारून ती मर्यादा न सांगणं. समजा, पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला ५,००० पर्यंतच आहे आणि पेशंट १०,००० च्या खोलीत चार दिवस राहिला. खोलीचे ४०,००० झाले, त्यातले २०,००० मिळतील, इथपर्यंत लोकांना कळतं. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असा १,२०,००० चा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा होऊन ६०,००० वर येतो. औषधं आणि तपासण्यांच्या ६०,००० ला मात्र ही कपात लागत नाही. एकूण बिल २,२०,०००, कंपनीकडून १,४०,०००, खिशातून ८०,०००. हा हिशेब कागदावर एकदा मांडला की ‘थोडा महाग चालेल, पण मर्यादा नको’ असं कित्येक जण आपणहून म्हणतात. कोणी तरीही स्वस्तच मागितली तर द्या. निदान माहीत असून घेतली.

‘कंपन्या क्लेम देतच नाहीत’ असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा आक्षेप. याला क्लेम सेटलमेंटच्या टक्केवारीने उत्तर देऊ नका. ज्याच्या मेव्हण्याला नकाराचं पत्र आलंय त्याच्यासाठी तो नकार शंभर टक्के असतो.

विचारा, कोणाचा क्लेम होता, कधीचा, आजार काय होता, पत्रात कारण काय लिहिलं होतं. शक्य असेल तर ते पत्र किंवा त्याचा व्हॉट्सॲपवरचा फोटो मागवा. कारणं फिरून फिरून तीच निघतात. पॉलिसी घेताना जुना आजार लिहिला नव्हता. मोतीबिंदू, हर्निया किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, संपला नव्हता. रिन्यूअल चुकून मधे खंड पडला होता. नुसत्या तपासण्यांसाठी ॲडमिट केलं होतं. कधी कधी कंपनीचीच चूक असते, आणि ती असेल तर तसं मोकळेपणाने म्हणा. कंपनीची वकिली करत बसलात की तुम्ही त्याच्या लेखी पलीकडच्या बाजूला गेलात.

मग नियम सांगा, पण हातात कागद घेऊन. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची (कंपनी परस्पर हॉस्पिटलला पैसे देते त्याची) पहिली मंजुरी विनंती आल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या समितीची मान्यता लागते आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीखाली नाकारला ते लिहून द्यावं लागतं. प्रत्यक्षात प्रत्येक हॉस्पिटलात घड्याळ लावून असं होतं असं म्हणू नका, तो जाऊन आलेला असतो.

आणि शेवटचा रस्ता दाखवा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. मेव्हण्याचं प्रकरण त्या मुदतीत बसत असेल तर अर्ज करायला मदत करा, आपली पॉलिसी विकली जावो न जावो. या कामाला कमिशन नाही. पण एका गल्लीत असा एक क्लेम सुटला की त्या गल्लीत तुम्हाला आक्षेपांची उत्तरं देत बसावं लागत नाही.

ग्राहक म्हणतो, ‘शुगर आहे ते लिहू नका, प्रीमियम वाढेल.’ सौदा जवळजवळ झालेला असतो. काय करावं?

लिहायचं. आणि तो ‘मग नको’ म्हणाला तर उठायचं.

वरच्या प्रश्नातले निम्मे नकार इथेच, तुमच्या डोळ्यांदेखत, प्रपोजल फॉर्मवर जन्माला येतात. गोळी चालू आहे पण ‘बॉर्डरलाइन’ आहे, सात वर्षांपूर्वी अँजिओग्राफी झाली पण ‘काही निघालं नाही’, बीपी आहे पण ‘सगळ्यांनाच असतं’. यातलं प्रत्येक वाक्य फॉर्मवर ‘नाही’ होऊन बसतं. पुढे ॲडमिट झाल्यावर हाच माणूस डॉक्टरांना खरं सांगतो, ‘आठ वर्षं शुगर आहे’, आणि ते केस पेपरवर लिहिलं जातं. टीपीएवाले, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारे, पहिल्यांदा तोच कागद वाचतात.

ग्राहकाला घाबरवू नका, पर्याय सांगा. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, पूर्वी तो ४८ महिने होता. जास्त प्रीमियम घेऊन हा काळ कमी करणाऱ्या, काही तर मधुमेहाला लवकरच कव्हर देणाऱ्या पॉलिसी बाजारात आहेत. म्हणजे खरं लिहिलं तर तीन वर्षांत, किंवा त्याआधी, शुगरशी संबंधित खर्चही मिळायला लागतो. लपवलं तर हा काळ कधी सुरूच होत नाही, आणि पॉलिसी रद्द होण्याची भीती डोक्यावर राहते.

काही जुने एजंट साठ महिन्यांचा नियम कानात सांगतात. पॉलिसी सलग ६० महिने चालली की त्यानंतर माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं आहे. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. आणि पहिल्या साठ महिन्यांत ॲटॅक आला तर? ज्याला शुगर आहे त्याच्या बाबतीत हा प्रश्न फार लांबचा नाही.

फॉर्म स्वतः भरू नका. ऑनलाइन असेल तर प्रत्येक आरोग्याचा प्रश्न मराठीत मोठ्याने वाचा, उत्तर त्याच्याकडून घ्या, ओटीपी त्यालाच टाकू द्या. आणि बायकोलाही तिथे बसवा. गोळ्यांची नावं तिलाच माहीत असतात.

‘घरी विचारून सांगतो’ म्हणजे नकार समजायचा का?

कधी कधी. पण आपल्याकडे पैशाचे निर्णय खरंच घरी विचारून होतात, त्यामुळे या वाक्यावर लगेच संशय घेऊ नका. बघायचं ते एवढंच, की घरी जाऊन तो काय सांगणार आहे. तासभर तुम्ही जे समजावलं त्यातलं तो स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोन वाक्यांत सांगणार. ‘एक एजंट आला होता, बावीस हजार म्हणतोय.’ तिथून उत्तर येणार, ‘कशाला?’ संपलं.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, भेटच अशा वेळी ठरवा की दोघं घरात असतील. दुकानात किंवा ऑफिसात झालेली बोलणी पहिली फेरी समजा. दुसरी, एका पानावर मराठीत हाताने लिहून द्या. कोणाकोणाला कव्हर, किती लाखांचं, प्रीमियम किती, काय पहिल्या दिवसापासून आणि काय दोन-तीन वर्षांनी. छापील ब्रोशर कपाटावर जातं, हाताने लिहिलेला कागद वाचला जातो.

वहिनींचे प्रश्न वेगळे असतात आणि बहुधा जास्त नेमके. जवळचं कोणतं हॉस्पिटल कॅशलेसमध्ये आहे, सासूबाईंना घेता येईल का, बाळंतपण धरतात का. हॉस्पिटलांची यादी त्या गावापुरती आधी काढून न्या. बार्शीतल्या घरात बसून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांची नावं वाचण्यात अर्थ नाही.

आणखी एक प्रकार आता पुण्या-नाशिकात वाढलाय. आई-वडील इथे, मुलगा न्यू जर्सीत किंवा टोरंटोत. काका-काकू दारातच सांगतात, ‘मुलाला विचारावं लागेल.’ त्यात वावगं काही नाही, पैसे तोच भरणार असतो. त्यांच्या परवानगीने त्याच्याशी व्हिडिओ कॉल ठरवा, त्याच्या सोयीच्या वेळेला. त्याचा खरा प्रश्न प्रीमियमचा नसतो. रात्री-अपरात्री आई-बाबांना ॲडमिट करावं लागलं तर कागदपत्रं कोण बघणार, हा असतो. तुम्ही काय काय कराल आणि काय करणार नाही ते आधीच स्पष्ट सांगा. ‘मी आहे ना’ हे वाक्य वापरू नका. तुम्ही गावाला गेलेले असू शकता. ॲडमिट झाल्यावर कोणाला कळवायचं, कोणती कागदपत्रं लागतात, पॉलिसी क्रमांक कुठे आहे, हे काकांच्या फ्रिजवर चिकटवलेलं असू दे.

‘तुमच्या कमिशनमधले थोडे परत द्या, आत्ता चेक देतो.’ बाकीचे देतात, मी नाही दिलं तर धंदा जातो.

विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे असं कमिशन परत देणं आणि घेणं, दोन्हींना बंदी आहे आणि दंड होऊ शकतो. एजन्सी तुमची जाऊ शकते. आणि हे मागणारा माणूस पुढच्या वर्षी जास्त परतावा देणाऱ्याकडे जातो, हा भाग कायद्यात नाही, पण तो शंभरातल्या नव्वदांना अनुभवाने कळतो.

सांगायचं कसं? रागवायचं नाही, उपदेशही नाही. ‘साहेब, कायद्याने बंदी आहे, दोघांनाही लागू होते. त्याऐवजी कव्हर तेच ठेवून प्रीमियम कुठे कमी होतो ते बघू.’ बहुतेक व्यापारी एकदा मागून बघतात, सवयीने. नाही म्हटल्यावर सोडून देतात. जो अडूनच बसतो त्याला जाऊ द्या.

‘आमच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे’ याला उत्तर आहे का?

आहे, पण आधी तो ग्रुप मेडिक्लेम वाचून घ्या. एचआरकडून आलेली पीडीएफ त्याच्या मेलमध्ये पडलेली असते आणि त्याने ती उघडलेली नसते. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांची कव्हरं कधी कधी तुम्ही विकताय त्यापेक्षा चांगली असतात. आई-वडिलांसह, जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून. ती चांगली असेल तर चांगली म्हणा.

मुद्दा नोकरी सुटण्याचा आहे. नोकरी गेली की कव्हर जातं, आणि ते पन्नाशीत गेलं तर नवी पॉलिसी घेताना प्रतीक्षा काळ तेव्हा सुरू होतो. म्हणून एकतर छोटी स्वतःची पॉलिसी आतापासून चालू ठेवणं, किंवा ग्रुपच्या पाच लाखांवर सुपर टॉप-अप. इथे साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यातला फरक स्वतःला नीट माहीत हवा. साधा टॉप-अप प्रत्येक क्लेम वेगळा बघतो. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली आणि उंबरठा पाच लाखांचा असेल तर तो काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो, आठ लाखांतले तीन लाख देतो.

चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कामगारांशी बोलताना ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे का ते विचारा. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू असते, कुटुंबासह. पगार त्या मर्यादेपलीकडे जातोय असा माणूस तुमचा खरा ग्राहक. ज्याला ईएसआयसी पुरेशी आहे त्याच्या मागे लागू नका.

‘सरकारी योजना आहे की पाच लाखांची, मग कशाला?’

योजनेला नावं ठेवू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेने या राज्यात मोठमोठी ऑपरेशनं झाली आहेत आणि ज्याच्या घरात बायपास झाली त्याच्यासमोर तुम्ही हलके पडाल. आयुष्मान भारतशी जोडल्यानंतर कव्हर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, आणि सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं.

फरक दोन. योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि अंगीकृत, म्हणजे योजनेने मान्य केलेल्या, रुग्णालयांत चालते. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल त्यात आहे का, हे त्यालाच बघू द्या. नसेल आणि त्याला तेच हॉस्पिटल हवं असेल तर बोलणं पुढे सरकतं. ज्याला प्रीमियम खरोखर झेपणार नाही त्याला आयुष्मान कार्ड काढायला सांगा आणि अंगीकृत रुग्णालयात योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र कुठे बसतो ते दाखवा. एवढंच. त्या घरात पॉलिसी विकणं बरोबर नाही.

‘त्यापेक्षा दरवर्षी तेवढ्याची एफडी करतो.’

वीस हजार दरवर्षी टाकून पाच वर्षांत व्याजासकट लाख-सव्वा लाख होतात. आजार सहाव्या वर्षापर्यंत थांबला आणि बिल सव्वा लाखातच बसलं तर त्याचं बरोबर. हे त्यालाच मोजू द्या. पतसंस्थेत ठेव ठेवणाऱ्यांना व्याजाचा हिशेब तुमच्याहून चांगला येतो, त्यांना शिकवू नका. आणि एफडी मोडायला लावू नका. खोलीभाड्यातला फरक, घरी चालणारी औषधं, हॉस्पिटलबाहेर जाणारे दिवस यांना ती लागतेच.

‘माझा मेव्हणा एजंट आहे.’

मग त्याच्याकडूनच घ्या म्हणा, आणि तेव्हाच एक गोष्ट सांगा. त्याने दिलेल्या पॉलिसीत खोलीभाडं, को-पे (बिलातला ग्राहकाने स्वतः भरायचा हिस्सा) आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ काय आहे ते विचारा. कित्येकदा मेव्हण्याचा मूळ धंदा दुसराच असतो. पण नात्यावर बोट ठेवायचं नाही, कधीच.

‘ऑनलाइन स्वस्त मिळतं.’

काही पॉलिसी मिळतात. तो स्वतः वाचून, स्वतः फॉर्म भरून, क्लेमच्या वेळी स्वतः पाठपुरावा करणारा असेल तर त्याला ऑनलाइन खुशाल घेऊ द्या. नसेल तर तुम्ही त्या फरकाच्या बदल्यात काय करता ते मोजून सांगा. सांगण्यासारखं काही नसेल तर आधी ते तयार करा.

‘टॅक्स वाचतो’ हा मुद्दा पुढे करावा का?

आता जपून. आरोग्य विम्याच्या प्रीमियमची आयकरातली वजावट (८० डी म्हणतात ती) फक्त जुन्या कररचनेत आहे. नव्या रचनेत असलेल्याला ‘२५,००० वाचतील’ सांगितलं तर जुलैत त्याचा सीए तुम्हाला खोटं पाडतो. आणि तेवढी रक्कम करातून वाचत नाही, उत्पन्नातून वजा होते, हेही अनेक एजंटांना स्वतःलाच माहीत नसतं.

‘असलं अशुभ बोलू नका’ म्हणाले तर?

विषय बदला. आजाराऐवजी हॉस्पिटलच्या बिलाबद्दल बोला. ‘तुम्हाला काही झालं तर’ हे शब्द तोंडात आणायचेच नाहीत, विशेषतः घरातली मोठी माणसं समोर असताना. ‘ॲडमिट व्हायची वेळ आली तर’ हेसुद्धा शेजारच्या, ओळखीतल्या कोणाच्या संदर्भाने बोललं जातं. ओळखीतलं कोणीतरी अलीकडेच डेंग्यूने पाच दिवस ॲडमिट होऊन आलेलं असतंच. त्यांचं बिल किती झालं, हा प्रश्न पुरतो.

रिन्यूअलला ग्राहक म्हणतो, ‘तीन वर्षं भरले, काहीच मिळालं नाही. वर आणि प्रीमियम वाढवला.’

पहिल्या भागाला उत्तर पॉलिसीतच असतं. क्लेम नसलेल्या वर्षांचा बोनस जमून कव्हर किती झालं ते आकड्यात दाखवा. आणि प्रतीक्षा काळ आता संपलाय किंवा संपत आलाय, तेही तारखेसह. तीन वर्षं वाट बघून, गुडघ्याचं ऑपरेशन धरलं जाणार त्याच वर्षी पॉलिसी सोडणारे लोक कमी नाहीत, आणि त्यांना हे सांगणारं कोणी नसतं.

दुसऱ्या भागाला गोडगोड उत्तर नाही. वय वाढलं की दर वाढतो, उपचार महाग झाले की सगळ्यांचाच वाढतो. हे विकतानाच सांगितलं असेल तर रिन्यूअलचा फोन अवघड जात नाही. ज्येष्ठांसाठी जानेवारी २०२५ पासून एक नियम आहे. साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी बोलावं लागतं. दर खरंच अवास्तव झाला असेल तर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करण्याचा मार्ग आहे. पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ जुन्या कव्हरच्या रकमेपुरता सोबत येतो. मात्र रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज हवा, आणि नवी कंपनी नाही म्हणू शकते. म्हणून तिचा होकार लेखी येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

किती वेळा फोन करावा?

त्याने सांगितलेल्या तारखेला एकदा. उचलला नाही तर एक मेसेज, ज्यात ‘काय ठरलं?’ नसून त्याने विचारलेल्या एखाद्या गोष्टीचं उत्तर असेल. ‘तुम्ही विचारलं होतं ते हॉस्पिटल कॅशलेस यादीत आहे, यादी पाठवतोय.’ त्यानंतर पुढाकार त्याचा. ‘ऑफर आज रात्री संपतेय’ असं खोटं सांगून घाई करणाऱ्यांचे नंबर लोक ब्लॉक करतात, आणि करावेतच. तो ‘नको’ असं स्पष्ट म्हणाला असेल तर पुन्हा फोन नाही. रस्त्यात भेटला तर तब्येत विचारा, पॉलिसी नाही.

ग्राहकाने एकही आक्षेप घेतला नाही, लगेच ‘हो’ म्हणाला. आता?

सावध व्हा. एकतर त्याचा तुमच्यावर आंधळा विश्वास आहे, किंवा त्याने ऐकलंच नाही. दोन्हीत धोका तुमचाच आहे. त्याने न विचारलेले प्रश्न तुम्ही विचारा. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, हे माहीत आहे का? कोणते आजार दोन-तीन वर्षं धरले जाणार नाहीत? खोलीभाडं किती? को-पे आहे का? उत्तरं त्याच्या तोंडून येऊ द्या.

प्रीमियम त्याच्याच खात्यातून थेट कंपनीला जाऊ द्या, रोख तुमच्या हातात घेऊ नका. पॉलिसी आल्यावर सोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, ज्यात काय मिळतं आणि काय नाही ते थोडक्यात असतं. ते मराठीतही मागता येतं, कंपनीकडे मागून द्या. आणि पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत न आवडल्यास परत करता येते हे सांगून ठेवा. दहा-बारा दिवसांनी फोन करून ‘पत्रक वाचलंत का?’ असं विचारा. नसेल वाचलं तर अर्ध्या तासासाठी पुन्हा जा आणि दोघं मिळून वाचा.